कुरुळी ते अंदमान, एक शिफ्ट आणि वर ओव्हरटाइम

आमच्याकडे अंतर किलोमीटरमध्ये सांगणारा माणूस बाहेरगावचा समजावा. कुरुळीहून महाळुंगे किती लांब, असं विचारलंत तर आम्ही उलट विचारतो, किती वाजता? पहाटे पाचला वीस मिनिटं. सकाळी सातला तासभर. संध्याकाळी जनरल शिफ्ट सुटल्यावर निघालात तर घरी फोन करून सांगा, जेवायला थांबू नका म्हणून. चौदा वर्षं मी त्या रस्त्यानं कामाला जात होते, तेव्हा हे मला कुणी शिकवायला नको.

महाळुंग्याच्या एका कंपनीत मी पॅकिंगला होते. ठेकेदाराची माणसं आम्ही, कंपनीची नव्हे. गाड्यांचे सुटे भाग खोक्यात भरायचे, वजन करायचं, पट्टी मारायची, आत काय काय आहे त्याची यादी वर चिकटवायची. माझ्या हातचे खोके समुद्रापार कुठं कुठं गेले. मी स्वतः मात्र एकीकडे आळंदी आणि दुसरीकडे जुन्नरकडचं माहेर, यापलीकडे फारशी गेले नव्हते. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते एकदाच, आणि तेही लेकीमुळे.

लेक एकुलती एक. अभ्यासात हुशार, आणि हट्टात माझ्यावर गेलेली. सरकारी परीक्षा पास झाली, हवामानाच्या कार्यालयात नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक निघाली अंदमानला. वारा मोजायचा, पाऊस मोजायचा, ढग लिहायचे. आमच्या थोरल्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, तेव्हाच हात वर केले. भाऊजी म्हणजे घरातले कर्ते. जमीन कंपन्यांना गेली त्याला वर्षं लोटली, पण गावात शब्द अजून त्यांचाच चालतो. ते माझ्याशी कधी थेट बोलत नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. मी समोर उभी असले तरी ते आमच्या ह्यांना सांगतात.

"आरं, तुझ्या बायकोला सांग, त्ये काळं पानी हाय. चोर-दरोडेखोर धाडायचे तिथं. पोरगी धाडत्यात व्हय?"

आमच्या ह्यांनी मान खाली घातली. हे कंपनीची बस चालवतात, कामगारांना आणायचं आणि सोडायचं. बावीस वर्षांत लाल सिग्नल तोडलेला नाही आणि थोरल्या भावाचा शब्दही नाही. पण लेक गेलीच. तिथंच तिनं लग्नाचं ठरवलं. जावई कोकणातले, मालवाहू जहाजावर इंजिनाचं काम बघतात. माणूस सोन्यासारखा आहे, पण वर्षातले सात-आठ महिने पाण्यावर.

आता ते सांगते, जे सांगायला जीभ रेटत नाही. दोन वर्षांपूर्वी लेकीला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात ते गेलं. जावई भर समुद्रात. तिनं दवाखान्यातून फोन केला. आवाज अगदी साधा होता, बाजारातून बोलत असल्यासारखा. म्हणाली, "आई, झालं ते झालं. मी बरी आहे. तू येऊ नकोस, फार लांब आहे."

आणि मी गेले नाही.

का गेले नाही? लांब होतं म्हणून. लांब आहे असं तिनं म्हटलं, भाऊजींनी म्हटलं, जाऊबाईंनी म्हटलं, ह्यांनीही मान डोलावली, आणि मीही ते खरं धरून चालले. किती लांब, हे आमच्यापैकी एकानंही विचारून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी डबा भरला आणि पहिल्या शिफ्टला गेले. त्या दिवशी किती खोके बांधले ते आठवत नाही, पण लेक येऊ नको म्हणाली की आईनं निघायचं असतं, एवढी अक्कल मला तेव्हा सुचली नाही, हे मात्र पक्कं आठवतं. मला स्वतःचा राग आला तो तेव्हापासून, आणि तो काही उतरला नाही.

गेल्या वर्षी तिला पुन्हा दिवस राहिले. या वेळी सगळं रीतसर करायचं ठरलं. सातव्या महिन्यात तिनं इकडे यायचं, डोहाळजेवण करायचं आणि बाळंतपण इथंच. पहिलं बाळंतपण माहेरी, यात कुणाचं दुमत असायचं कारण नव्हतं. मी वरची खोली रंगवून घेतली. खाटेला नवी नवार लावली. तिकीटही निघालं. आणि निघायच्या आठ दिवस आधी तिचा रक्तदाब वाढला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विमानात बसायचं नाही, बाळंतपण इथंच होईल. जावयांचं जहाज तेव्हा कुठल्या कुठं होतं, ते परत यायला अडीच महिने.

म्हणजे पुन्हा ती एकटीच.

भाऊजींनी ओट्यावर बैठक घातली. बैठक कसली, ते बसले आणि आम्ही उभे. निकाल आधीच ठरलेला होता. तिथलीच एखादी बाई कामाला ठेवावी, आणि आपण इथून देवाला गाऱ्हाणं घालावं. जाऊबाईंनी दुसरा खिळा ठोकला. आमच्या घरची जुनी रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. लग्न झालं, संसार थाटला, तरी तिच्या दारात गेलं तर तहानलेलंच परत यायचं.

जाऊबाई म्हणाल्या, "महिना-दीड महिना ऱ्हाशील तिथं. लेकीच्या घरचं पानी पिनार व्हय? प्वार होईस्तवर न्हाई चालत. आपल्यात कुनी केल्यालं न्हाई."

"मंग मी करती," मी म्हटलं.

भाऊजींनी ह्यांच्याकडे बघितलं. "तुझ्या बायकोला इचार, किती लांब हाय ठावं हाय का तिला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. आदल्याच दिवशी मी लाइनवरच्या एका पोरीला मोबाइलवर काढायला लावलं होतं. दोन हजारांवर थोडे किलोमीटर. पुण्याहून मद्रास पावणेदोन तास, तिथं विमान बदलायचं, मग समुद्रावरून सव्वादोन तास. मी पहिल्यांदाच भाऊजींशी थेट बोलले. पदर डोक्यावर होता, नजर मात्र खाली नव्हती.

"भाऊजी, इमानात चार तास. बाकीचा वेळ बसून ऱ्हायचं. घरातनं निघून तिच्या दारात पोचायला धा तास. आमची एक शिफ्ट आन वर दोन तास ओव्हरटाइम. एवढं तर मी दर म्हयन्याला उभ्यानं करती."

भाऊजी उठून आत गेले. हे नंतर मला म्हणाले, अगं असं तोंडावर बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, तोंडावर नाहीतर कुठं बोलायचं? तोंड कशाला दिलंय मग?

सुपरवायझरला दोन महिन्यांची रजा मागितली. तरुण माणूस, तोही परभणीकडून पोटासाठी आलेला. बिचारा खरंच अडचणीत पडला. म्हणाला, "मावशी, दोन महिने जागा न्हाई ऱ्हायची. ठेकेदार दुसरी बाई आनंल."

"आनू दे. या पट्ट्यात एका कंपनीला एक गेट आसतं, पन कंपन्या काय एक हाईत?"

त्यानं मान हलवली आणि एक चांगलं काम केलं. जरासा दबलेला, म्हणून बाजूला टाकलेला एक जाड खोका मला लिहून दिला, गेटवर दाखवायला चिठ्ठीसकट.

तो खोका मी कसा भरला ते सांगायलाच हवं, कारण आयुष्यात एवढं चांगलं पॅकिंग मी दुसरं केलेलं नाही. डिंकाचे लाडू, एकेक कागदात गुंडाळून, थरावर थर. अळीव, ओवा, सुंठ, बाळंतशेपा, वेखंड. माझ्या जुन्या सुती साड्यांची दुपटी, सात वेळा धुतलेली. लाडू आणखी करावे लागतील म्हणून सुक्या खोबऱ्याच्या बारा वाट्या. बाळंतिणीच्या शेकासाठी कोळसा, बेटावर चांगला मिळेल न मिळेल म्हणून. कापराची पुडी. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे आधार लावले, आत काही हलता कामा नये. खोका कानाशी धरून हलवला, आवाज नाही. वजन चौदा किलो आठशे, विमानाला पंधरा चालतं. वजनात माझी चूक होत नाही. वरून पट्टी मारली, बाण काढले, ही बाजू वर, आणि सवयीनं पॅकिंग लिस्ट चिकटवली. एक ते चौदा, वस्तूचं नाव आणि नग. लाइनवरच्या बायका बघायला आल्या होत्या. एकजण म्हणाली, हे पार्सल अंदमानातून अमेरिकेला गेलं तरी फुटायचं नाही. मी फुशारले, खोटं कशाला सांगू!

विमान पावणेदहाचं होतं. आम्ही भाड्याची गाडी ठरवून साडेपाचला कुरुळी सोडली. विमानतळ पंचवीस किलोमीटर, म्हणजे भरपूर वेळ, असं परगावच्या माणसाला वाटेल. मोशीच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे कुठंतरी एक लांबलचक कंटेनर रस्त्यात आडवा होऊन बंद पडला होता. पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या, टेम्पो, दुचाकी, सगळा पट्टा एका जागी तुंबला. सहा वाजले, साडेसहा, सात. ड्रायव्हर गाणी बदलत बसला. दोन हजार किलोमीटर जाऊन समुद्र ओलांडायला निघालेली मी मोशी ओलांडू शकत नव्हते. मी म्हटलं, "अहो, ह्येच लांब हाय बघा. अंदमान न्हाई."

आमचे हे दार उघडून खाली उतरले, मागची डिकी उघडली, आणि चौदा किलो आठशेचा खोका उचलून खांद्यावर घेतला. बावीस वर्षं ज्या माणसानं कधी पिवळी रेघ ओलांडली नाही, तो दुभाजकावर चढून चालायला लागला. मी पिशवी घेऊन मागे. थांबलेल्या बसच्या खिडक्यांतून कामगार बघत होते. त्यात ह्यांच्या ओळखीचे निम्मे.

एका दुचाकीवाल्या पोरानं विचारलं, "काका, कुठं निघाला सकाळच्यालाच?"

"अंदमानला."

"चालत व्हय राव?"

"मोशीपर्यंत चालत. म्होरं इमानानं," हे म्हणाले, आणि खांदा बदलला.

माझं लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली. या माणसाबद्दल मला एवढा अभिमान त्याआधी वाटल्याचं आठवत नाही.

दीडएक किलोमीटर चालल्यावर कंटेनर मागे पडला आणि मोशीत रिक्षा मिळाली. आळंदी रस्त्यानं दिघीत शिरलो तसा लष्कराच्या जमिनीकडचा रस्ता मोकळा लागला. विमानतळावर पोचलो तेव्हा आठ वीस झाले होते. दारात शिपायानं ह्यांना अडवलं, तिकीट नाही तर आत नाही. ह्यांच्या शर्टाला खांद्यावर खोक्याची घडी पडली होती. मला म्हणाले, "पोचल्यावर फोन कर. आन तिला ओरडू नको." मी आत गेले.

खोका पट्ट्यावरून आत गेला आणि पाच मिनिटांत मला मागच्या खोलीत बोलावणं आलं. वर्दीतली एक तरुण मुलगी माझी पॅकिंग लिस्ट वाचत होती. मराठी येत होती तिला, चांगली. एकेक ओळ मोठ्यानं वाचली. "नंबर नऊ, खोबऱ्याच्या वाट्या, बारा नग. नंबर दहा, कोळसा, एक किलो. नंबर अकरा, कापूर." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, जे जे न्यायला बंदी आहे ते तुम्ही क्रमानं लिहून आणलंय."

मी म्हटलं, "लपवायचं काय त्यात? आमच्यात यादी लावल्याबिगर खोका गेटभाईर जात न्हाई."

ती हसली. म्हणाली, सुकं खोबरं पेट घेतं, म्हणून विमानात चालत नाही. कोळसा आणि कापूर तर नाहीच नाही. तिनं पट्टी कापली. माझी इतकी घट्ट पट्टी! कोळसा गेला, कापूर गेला, ते मी जाऊ दिलं. खोबऱ्यावर मात्र अडले.

"याचं काय करनार?"

"टाकून देणार, मावशी."

"अन्न हाय त्ये. टाकून न्हाई द्यायचं."

मी एक वाटी टेबलाच्या कडेवर आपटून फोडली, पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला. मग खोलीत बॅगा उघडून उभ्या असलेल्या लोकांना वाटलं, बाहेरच्या रांगेतल्यांना वाटलं, सामान ढकलणाऱ्या दोघांना वाट्याच्या वाट्या दिल्या. एक सूटबूटवाले गृहस्थ नको नको म्हणत होते. त्यांना सांगितलं, लेकीच्या बाळंतपणाचं आहे, नाही म्हणू नये. त्यांनी खाल्लं. परत आले तर मुलगी खोक्याला टेप लावत होती, वेडीवाकडी. मी तिच्या हातून टेप घेतली आणि नीट लावली. यादीवरचे तीन नंबर पेनानं खोडले आणि सही केली. चूक झाली तर खोडून सही करायची, ही आमची पद्धत.

मद्रासपर्यंतचं विमान मला फारसं आठवत नाही. मी पट्टा घट्ट आवळून देवाचं नाव घेत होते. तिथं बसून राहिले, पाणीही प्यायले नाही, कारण विमानातला संडास मला जमेल असं वाटत नव्हतं. दुसऱ्या विमानात खिडकी मिळाली. जमीन संपली आणि खाली निळं सुरू झालं. मी घड्याळ बघून ठेवलं, बारा पन्नास.

एक वाजला. दीड वाजला. शेजारच्या बाईंनी डबा उघडला, खाल्ला, बंद केला. दोन वाजले. खाली तेच निळं, ना बैठक, ना कंटेनर, ना कुणी अडवणारं. अडीच वाजता मला वाटलं आता खरं लांब सुरू होईल, आता कळेल लोक कशाला म्हणत होते. तर माइकवर बोलणारी बाई म्हणाली, उतरायची तयारी करा. खाली झाडांचे हिरवे ठिपके दिसायला लागले. तीन वाजून पाच मिनिटांनी चाकं जमिनीला टेकली.

सव्वादोन तास. दिवाळीच्या आधी कुरुळीहून भोसरीला जायला मला अडीच लागले होते.

तेव्हा मला रडू फुटलं. शेजारच्या बाईंना वाटलं मी घाबरले, त्यांनी माझा हात धरला. मी घाबरले नव्हते. दोन वर्षांपूर्वी माझी लेक दवाखान्याच्या खाटेवर एकटी पडली होती आणि तिच्यामाझ्यात एवढंच होतं. एवढंच! एक शिफ्ट बुडाली असती माझी. मी जगाला खोके पोचवत राहिले आणि स्वतःला मात्र पोचवलं नाही. भाऊजींवरचा राग तिथंच संपला, कारण तो सगळा माझ्यावरच यायला हवा होता आणि आला.

बाहेर आले. लेक उभी होती. डॉक्टरीणबाईंनी घरीच बसायला सांगितलेलं, पण घर विमानतळापासून दहा मिनिटांवर, म्हणून रिक्षा करून आली होती. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला, पोट पुढे. तिच्यामागे रस्त्याच्या कडेला नारळाची झाडं होती, जिकडे बघावं तिकडे, आणि खाली पडलेले नारळ कुणी उचलतही नव्हतं. बारा वाट्या खोबरं मी कुठं न्यायला निघाले होते ते तिथं कळलं. मी ते सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. मी म्हटलं, हसू नको एवढी, आत्ताच होशील बाळंत.

मग मला खोकला आला. सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता, घसा लाकूड झाला होता. तिनं लगेच पिशवीतून बाटली काढली. दुकानातली, वरचं सील न तोडलेलं.

"घे आई," ती म्हणाली. "विकतचं आहे. आत्ताच घेतलं समोरून. घरचं नाही."

ते ती अगदी सहज म्हणाली. लग्नानंतर तीन वर्षं हिनं स्वतःचं घर चालवलं, वारा मोजला, वादळं लिहिली, एक मूल गमावून एकटीनं दवाखान्यातून घरी आली. आणि आपल्या घरचं पाणी आपल्या आईला चालत नाही, हे तिनं मनात नीट घडी घालून ठेवलं होतं. मी तहानलेली येईन हे तिला माहीत होतं. काय घ्यायचं नाही हेही माहीत होतं. पिशवीत तिची स्वतःची स्टीलची बाटली दिसत होती.

मी म्हटलं, "ती दे."

"आई, ती घरची आहे."

"दिसतंय मला. ती दे."

"अजून बाळ..." ती म्हणाली आणि थांबली. तिच्या डोळ्यांत मागचं सगळं येऊन उभं राहिलं.

"बाळाचं बाळ बघंल. मला माझ्या लेकीच्या घरचं पानी पायजे."

तिनं झाकण उघडून दिलं. मी भर रस्त्यात, उभ्यानं, अर्धी बाटली एका दमात प्यायले. पाणी कोमट होतं आणि जरा खारट लागलं. थोडं गळ्यावर सांडलं. मग श्वास घेतला आणि उरलेली अर्धी संपवली. ती रडत होती. मी रिकामी बाटली तिच्या हातात दिली आणि म्हटलं, घरी जाऊन भर, आणखी लागणार आहे.

साडेतीन वाजले होते, आणि पाचला तिथं अंधार पडला. घड्याळ आपलंच, पण सूर्य लवकर जातो. तेवढ्यात मी खोका उघडून लाडू डब्यात भरले. एकही फुटला नव्हता. जाऊबाईंचा फोन आला, पोचलीस का, आणि आडून आडून दुसरा प्रश्न. मी सांगितलं, आख्खी बाटली प्यायले, वर दोन तांबे. आवाज बारीक करून त्या म्हणाल्या, "कसं लागलं?" त्यांचीही लेक नाशकाला दिली आहे, सात वर्षं झाली, मूल नाही.

"चांगलं लागलं," मी म्हटलं. "तुमीबी जाऊन बघा."

नात तीन आठवड्यांनी झाली. दोघी सुखरूप. घरात सगळे आता म्हणतात, बरं झालं, नात झाली, पाणी प्यायला मोकळी झालीस. त्यांना म्हणू दे. पाणी मी त्याआधी प्यायले होते.